ताई, नातू ओळखेल ना मला?

एप्रिल-मे जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा विषय एकच, नातवंडं. दादर असो, डोंबिवली असो की बोरिवली, प्रत्येक बिल्डिंगमध्ये दोन-चार घरं तरी अशी आहेतच जिथे आई-बाबा इथे आणि मुलं-नातवंडं कुठेतरी लांब. यावेळी चार प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर बरंच लांबलंय पण त्यात इतर अनेकांनी विचारलेलं पण आलंय म्हणून कापलं नाही.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं दादरला राहतो. मुलगा-सून न्यू जर्सीला, एडिसनमध्ये. नात चार वर्षांची, नातू ११ महिन्यांचा. नातीला ती दीड वर्षाची असताना इकडे आले होते तेव्हा पाहिलं, नातवाला अजून फक्त फोनवर. मे महिन्यात तीन महिन्यांसाठी चाललोय. सून म्हणते हल्ली नवीन माणूस दिसलं की तो भोकाड पसरतो. मला रात्र रात्र झोप नाही, तो ओळखेल ना मला? नातीला मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. ह्यांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे. काय न्यावं काय नाही तेही सांगा. – एक आजी, दादर पश्चिम

उत्तर : काकू, आधी खरं ते सांगते, पहिल्या दिवशी नाही ओळखणार. आणि त्यात तुमच्या मायेत काही कमी पडलं असं मुळीच नाही. साधारण आठव्या महिन्यापासून मुलांना आपलं माणूस कोण आणि परकं कोण हे कळायला लागतं, आणि वर्ष-दीड वर्षापर्यंत ही परक्याची भीती जोरात असते, म्हणजे तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत पोचताय. फोनवर तो तुम्हाला बघून खुदकन हसतही असेल, पण फोनमधली आजी वीतभर असते, ती लांबूनच बोलते आणि कधी उचलून घेत नाही, आणि इथे एकदम अख्खी बाई दारातून आत आलेली असते, तीही त्याच्याकडेच टक लावून बघत. रडणारच ना तो.

मी परळला बालवाडीत आयुष्य काढलंय, जूनच्या पहिल्या आठवड्यात रडणारी कितीतरी मुलं बघितलीत, आणि मला त्यातून एक पक्कं कळलंय की जे मोठं माणूस मुलाच्या मागे मागे जातं त्याच्यापासून मूल पळतं आणि जे आपलं आपल्या कामात बसतं त्याच्याकडे मूल स्वतःहून येतं. म्हणून एअरपोर्टवर हात पसरून धावू नका, कितीही वाटलं तरी. आधी मुलाशी बोला, सुनेला जवळ घ्या, तिच्याशी हसा. या वयाचं मूल नवीन माणूस दिसलं की आईचा चेहरा बघतं, आई खुशीत असेल तर हे माणूस बरं दिसतंय अशी नोंद त्याच्याकडे होते. कोणी ‘अरे आजी आहे ना, जा ना, पापी दे’ असं करत त्याला तुमच्या अंगावर द्यायला लागलं तर तुम्हीच थांबवा.

घरी गेल्यावर काय करायचं ते सांगते. चार स्टीलच्या वाट्या आणि दोन चमचे घ्या आणि जमिनीवर बसा, मांडी घालता येत नसेल तर बुटक्या स्टुलावर. त्याच्याकडे तोंड करून नाही, जरा तिरक्या. वाटीत वाटी ठेवा, काढा, चमच्याने हळूच वाजवा, स्वतःशीच काहीतरी पुटपुटा. मग एक वाटी त्याच्या दिशेने थोडी सरकवायची आणि आपण दुसरीकडे बघायचं. तो लांबून बघेल, मग रांगत येईल, वाटी उचलेल, आईकडे बघेल, वाटी टाकून परत जाईल. तुम्ही ती उचलून पुन्हा सरकवा. असं वीस मिनिटं चाललं तरी चालू दे. उचलायची अजिबात घाई नको. कधीतरी तो तुमच्या गुडघ्याला धरून उभा राहील तेव्हाही लगेच मिठी मारू नका, तुमचा हात फक्त जवळ असू दे. कोणाला दोन दिवस लागतात, कोणाला आठवडा, तुम्ही तर तीन महिने आहात. आजोबांनाही हेच सांगून ठेवा, चष्मा आणि मिशा असल्या की मुलांना अजून जास्त वेळ लागतो आणि मग आजोबा उगीच मनाला लावून घेतात.

अजून एक, आतापासूनच रोजच्या फोनवर एकच बडबडगीत म्हणा, तेच शब्द, तेच हातवारे, बदलू नका. तिकडे गेल्यावर वाट्यांशी खेळताना तेच गुणगुणा. चेहरा नवीन वाटला तरी आवाज आणि ती चाल त्याच्या ओळखीची असेल आणि त्याचा खूप उपयोग होतो.

आता नात. सगळे त्या छोट्याच्या मागे असतात आणि चार वर्षांची मुलगी बाजूला पडते, तेव्हा पहिले काही दिवस तुम्ही तिच्याच व्हा, तो घाबरतोय तोवर तुम्हाला वेळ आहेच. भाषेचं म्हणाल तर तिला ‘मराठीत बोल गं’ असं सारखं टोकू नका. तिला कळतंय म्हणजे मराठी आत आहे, बोलायची गरज पडली की बाहेर येईल, आणि दोन भाषांमुळे मुलं गोंधळत नाहीत. ती इंग्लिशमध्ये बोलली तरी तुम्ही मराठीतच उत्तर द्या, नेहमीसारखं, तिच्यासाठी सोपं इंग्लिश शोधत बसू नका. आणि गरज कशी पडेल माहितीये का, तुम्हाला तिथलं काही येत नाही ना, तेच तुमचं भांडवल. डिशवॉशर कसा लावायचा, हा रिमोट कुठला, बाहेर ती पिवळी बस कोणाची, हे सगळं तिला विचारा. चार वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाला शिकवायला मिळालं की ती कुठल्याही भाषेत शिकवते. झोपताना चिऊ-काऊची गोष्ट रोज तीच सांगा, काही दिवसांनी मध्येच थांबा, पुढचं वाक्य ती म्हणेल. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, जवळपास आहे का हे मुलाला विचारा आणि एखाद्या रविवारी तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जाऊन बसा.

सुनेचं घर तिच्या पद्धतीने चालतं हे मनाशी धरून जा. पहिल्याच दिवशी तिला सरळ विचारा, ह्याचं खाणं-झोपणं कसं आहे, मी कुठल्या वेळी सांभाळू म्हणजे तुला बरं पडेल. एवढं विचारलंत की निम्मे रुसवेफुगवे होतच नाहीत. गाडीत मूल मांडीवर घेता येत नाही, कितीही रडलं तरी, तिथे कारसीटचा कायदा आहे आणि तो मुलाच्या जिवासाठीच आहे. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, एक थेंबही नाही, त्यात असे जंतू असू शकतात जे इतक्या लहान मुलाला झेपत नाहीत. अख्खे शेंगदाणे, काजू, बदाम तर चौथ्या वर्षापर्यंत नकोतच, ठसका लागून घशात अडकतात, द्यायचेच तर कुटून.

सामानाचं. मे महिना आहे म्हणजे हापूस न्यायचा मोह होणार, नेऊ नका. आपला आंबा २००७पासून अमेरिकेत विकायला जातो पण तो विकिरण प्रक्रिया करून, म्हणजे किडीसाठी त्यावर किरण सोडून, सामानातून नेलेली फळं एअरपोर्टवर काढून घेतात. ताजा कढीपत्ता नाही, मांसमच्छीतलं मटण-चिकन काही नाही, कच्चा तांदूळ आणि चणेही नाहीत, धान्यातल्या किडीच्या भीतीने ते अडवतात, त्यामुळे तुमचा आंबेमोहोर घरीच राहू दे. गोडा मसाला, मेतकूट, चकल्या, लाडू असलं कोरडं न्या पण खाण्याचं सामान आहे का असं विचारलं तर हो म्हणा आणि दाखवा. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो, दाखवलं तर फार तर काढून ठेवतात.

ह्यांच्या औषधांबद्दल मात्र नीट वाचा. तीन महिन्यांची पुरतील अशी आणि वर पंधरा दिवसांची जास्त घ्या, स्ट्रिपमधून काढून डब्यात भरू नका, आणि डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या कारण आपल्याकडच्या कंपनीचं नाव तिकडे कोणाला कळत नाही. सगळी औषधं हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर ते चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका, विमानाच्या पोटात गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. इन्शुरन्स काढल्याशिवाय विमानात पाय ठेवू नका, तिकडे पाहुण्यांना सरकारी मेडिकेअर नसतं आणि हॉस्पिटलचं बिल ऐकून मुलगा हादरेल. पॉलिसी घेताना एकच प्रश्न एजंटला दहादा विचारा, आधीपासून असलेली शुगर आणि बीपी यात धरलीत का आणि किती रकमेपर्यंत. स्वस्त पॉलिसीत तेच वगळलेलं असतं. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत वेगळी असते, ती तिकडे उतरल्यावर अधिकारी ठरवतो, बहुतेकदा सहा महिने, ती तारीख मुलाला आय-९४वर, म्हणजे तुमच्या तिकडे उतरल्याच्या सरकारी नोंदीवर, बघायला सांगा.

मुंबईहून न्यूयॉर्क-नेवार्कचं थेट विमान १५-१६ तासांचं असतं, मधूनमधून उठून चाला, पाय हलवत राहा, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, त्यात कमीपणा काही नाही, एअरपोर्ट खरंच लांबच लांब असतात. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, त्यामुळे पहिले काही दिवस रात्री दोनला टक्क जागे व्हाल. सकाळी नातीला घेऊन उन्हात चक्कर मारा, लवकर सुरळीत होतं.

इथला मोबाईल नंबर चालू ठेवा, रोमिंग लावून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि सगळं अडेल. जे कोणी दिवाळीही तिकडेच करणार असतील त्यांनी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं निघण्याआधी बँकेत विचारून ठेवा, तो नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, गिरगावात राहतो, पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी-जावई बंगळुरूला, दोघं आयटीत, नाती सहा आणि तीन वर्षांच्या. गेलो की सगळे प्रेमाने वागतात पण दिवसभर घरात मी आणि कामवाली. मुली शाळा, पाळणाघर, क्लास यात. पाचव्या दिवशी वाटतं आपण अडचण झालोय. जावं की नाही? – एक आजोबा

उत्तर : जावं, काका. पण पाहुणे म्हणून जाऊ नका. पाहुण्याला चहा मिळतो, काम मिळत नाही, आणि माणूस कामाशिवाय घरात रुजत नाही. गेल्या गेल्या मुलीकडून एक काम मागून घ्या जे फक्त तुमचं असेल, माझ्या मते मोठीला स्कूलबसपर्यंत सोडणं आणि आणणं. बसस्टॉपपर्यंत जेमतेम पाच मिनिटं लागतात, पण त्या पाच मिनिटांत मुली जे बोलतात ते रात्री जेवणाच्या टेबलावर आईबापाला पण सांगत नाहीत. बाईंनी काय म्हटलं, कोणी खोडरबर घेतला, कोणाशी कट्टी. तुम्ही फक्त ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं, मग तो खोडरबर मिळाला का. एवढं लक्षात ठेवणारा माणूस त्या मुलीला दुसरा कोणी नाही.

धाकटीसाठी पाळणाघरातून आल्यावरचा अर्धा तास पकडा. ती दमलेली असते, तेव्हा खेळ नको, शिकवणं तर नकोच, नुसतं शेजारी बसून केळं सोलून द्या.

आणि पाच दिवसांसाठी जाऊ नका, तीन आठवडे जा. पहिला आठवडा सगळ्यांना सवय व्हायलाच जातो. वर्षातून एकदा फार दिवस जमत नसेल तर दोनदा जा, उद्यान एक्सप्रेस सीएसएमटीहून रोज आहे, साधारण एका दिवसाचा प्रवास. नोव्हेंबर २०२४पासून रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, तेव्हा तारीख लिहून ठेवा. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली ती झालीच, पण लोअर बर्थचा कोटा आहे, बुकिंग करताना तो निवडा. मुलीला आधी स्पष्ट सांगा की मी तीन आठवडे येतोय आणि मला काम हवंय, मला वाटतं तिला बरंच वाटेल. आई गेल्यावर तिलाही घरात कोणीतरी हवंच असतं, काका, ती बोलत नसेल एवढंच.

प्रश्न : मुलीचं बाळंतपण करायला ऑगस्टमध्ये लंडनला जातेय. मी माझ्या पद्धतीने सगळं करणार, शेक, धुरी, काजळ, गुटी, गोधडी. मुलगी आत्ताच फोनवर वाद घालते. कोणाचं ऐकायचं? – मुलुंड पूर्व

उत्तर : मुलीचं. पण सगळंच सोडायचं नाही, आता ऐका.

तेल लावून हलक्या हाताने मालीश, बाळंतिणीला गरम गरम खाणं, आळीव, डिंकाचे लाडू, तिची पाठ चोळून देणं, रात्री बाळ घेऊन बसणं म्हणजे ती दोन तास झोपेल, यातलं काही कोणी डॉक्टर अडवणार नाही आणि हेच तिला तुमच्याकडून सगळ्यात जास्त हवंय. धुरी मात्र करू नका, ओवा-शेपा टाकलात की तिकडच्या घरात स्मोक अलार्म किंचाळतो आणि तो धूर बाळाच्या छातीलाही चांगला नाही. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं, घरी केलेलं असलं तरी डोळ्यात बोट आणि काजळी घालायचं कारण नाही. गुटी नको, सहा महिने आईचं दूध आणि बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही.

गोधडीचं तुम्हाला लागेल हे मला माहितीये. जुन्या साड्यांची, कदाचित तुमच्या आईच्या साड्यांची असेल. न्याच ती. जमिनीवर अंथरून बाळाला जागेपणी त्यावर पालथं घाला, खेळवा, आंघोळीनंतर तिच्यावर तेल लावा. पण झोपताना बाळ उताणं, सपाट गादीवर, आणि आजूबाजूला उशी, लोड, मोकळी गोधडी यातलं काही नाही. तोंडावर आलं तर ते बाजूला करायची ताकद त्याच्यात नसते. १९९०च्या दशकात मुलांना उताणं झोपवायची मोहीम सुरू झाल्यापासून झोपेत अचानक दगावणारी बाळं खूप कमी झाली, त्यामुळे यात तडजोड नको. तिकडे बाळाच्या खोलीत १६ ते २० अंश एवढीच उष्णता ठेवायला सांगतात, आपल्याला ती गार वाटते म्हणून आपण टोपी, स्वेटर, दुपटी चढवत जातो. बाळाच्या छातीला किंवा मानेला हात लावून बघा, कोमट असेल तर त्याला पुरेसं आहे. हातपाय गार लागले तरी चालतात.

एक गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांना माहीत नसते, जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना डांग्या खोकल्याच्या आणि फ्लूच्या लसीबद्दल विचारा, निघायच्या निदान दोन आठवडे आधी. मोठ्या माणसाला नुसता खोकला वाटतो तो तान्ह्या बाळाला जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : माझं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, त्यामुळे मेलबर्नला जाणं आता नाही. नातू साडेतीन वर्षांचा. व्हिडिओ कॉलवर अर्ध्या मिनिटात पळून जातो. मी फक्त त्याची पाठ बघते. – बोरिवली

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तो तुमच्यापासून पळत नाहीये, प्रश्नांपासून पळतोय. जेवलास का, शाळेत काय केलं, माझी आठवण येते का, याला साडेतीन वर्षांच्या मुलाकडे उत्तरच नसतं. प्रश्न सोडा, काहीतरी करा. तुम्ही इकडे पोळी लाटा आणि त्याला तिकडे कणकेचा गोळा द्यायला लावा, त्याने तुम्हाला खोट्या चमच्याने भरवावं आणि तुम्ही खरंच ‘आँ’ करून खावं, मग तिखट लागलं म्हणून पाणी मागा, तो पळत जाऊन आणेल. उशीमागे लपा. फोन एका जागी उभा करून ठेवायला सुनेला सांगा, ती फोन घेऊन त्याच्या मागे धावतेय तोवर हे जमणार नाही. लहान मुलांच्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या संघटनेने २०१६मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको असं सांगितलं तेव्हा घरच्यांशी व्हिडिओवर बोलणं तेवढं त्यातून वगळलं होतं, म्हणजे हा वेळ टीव्हीच्या हिशोबात धरायचा नाही हे सुनेला हवं तर सांगा.

वेळ त्याची धरा, तुमची नाही. मेलबर्न आपल्यापुढे साडेचार तास असतं आणि तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच, त्यामुळे तुमची दुपारी दीड-दोनची वेळ म्हणजे तो जेवायला बसायच्या सुमारास. डायलिसिस नसेल त्या दिवशी, थकवा नसताना, दहा मिनिटं पुरे. तो पाच मिनिटांत गेला तरी फोन बंद करू नका, तुम्ही तुमची भाजी निवडत राहा, फोन तिकडे टेबलावर असू दे. मुलं खोलीत कोणीतरी आहे एवढ्यानेही परत येतात.

आणि त्याला पोस्टाने पाठवा, महिन्यातून एक पाकीट, त्याच्या नावाचं. बिया, पानंफुलं, खाऊ असलं काही घालू नका, ऑस्ट्रेलियात ते फार कडक तपासतात. नुसते कागद. तुमच्या हाताचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवा आणि पाठवा, तो त्याचा पंजा त्यावर ठेवून बघेल, त्याचाही गिरवून मागवा. तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या लोकलचं चित्र काढा, कसंही आलं तरी चालेल, एकेका पाकिटात एकेक डबा पाठवा म्हणजे तो जोडत जाईल. मुलाला सांगा डिसेंबर-जानेवारीत त्यांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते तेव्हा निदान दोन आठवडे इकडे या, आणि आल्यावर देवदर्शन, नातेवाईक, मॉल सगळं निम्मं करा, मुलाला रोज सकाळचे दोन तास तुमच्याजवळ बसू द्या. हे तुम्हाला मागायला संकोच वाटत असेल तर हे पान फाडून त्याला फोटो पाठवा, मी म्हटलंय म्हणून सांगा.